खाटेपासून न्हाणीपर्यंत : ज्येष्ठांसाठी घराची दुरुस्ती



या अहवालाच्या इतर पानांवर रुग्णालयाचा जमाखर्च आणि वर्षभरातील कामकाज आपणांपुढे मांडले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रुग्णालयाच्या आवाराबाहेरचा आहे. वयोवृद्ध माणसाला स्वतःच्या घरात सुरक्षितपणे वावरता यावे यासाठी त्या घरात कोणते फेरफार करावेत, ते कोणत्या क्रमाने करावेत आणि त्यांचा खर्च कसा मोजावा, याचा हा छोटासा अभ्यास आहे. आम्ही वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन रुग्णालयाचे हिशेब व व्यवस्था पाहणारे आहोत. वैद्यकीय बाबी आमच्या डॉक्टरांनी समजावून दिल्या, बांधकामाच्या बाबी गवंडी व सुतारांकडून कळल्या, आणि उरलेले रुग्णांनी व त्यांच्या घरच्यांनी शिकविले.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे. ती चूक आमचीच होती, म्हणून प्रथम तीच सांगतो.

एक प्रसंग

पालीजवळच्या एका गावातील आजी. मुलगे मुंबईस नोकरीला. घरी त्या आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई. एका वर्षी गणपतीपूर्वी मुलांनी मोठ्या हौसेने घर नवे केले. शेणाने सारवलेल्या ओटीवर आणि माजघरात चकचकीत फरशी बसविली, परसातली न्हाणी घराला जोडून घेतली आणि तिलाही तशीच गुळगुळीत फरशी लावली. आईला सारवणाचे कष्ट पडू नयेत, पावसात परसात जावे लागू नये, हाच हेतू. गौरी आल्या त्या पहाटे ओल्या फरशीवरून आजींचा पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. आमच्याकडे प्रथमोपचार करून त्यांना शहरात पाठविले. तेथे शस्त्रक्रिया झाली आणि पुढील शुश्रूषा व व्यायाम यांसाठी त्या पुन्हा आमच्याकडे दाखल झाल्या.

घरी सोडताना आम्ही दिलेल्या कागदावर औषधे, पथ्य, व्यायाम आणि पुढील तपासणीची तारीख असे सर्व काही होते. घराविषयी एक ओळही नव्हती. ज्या फरशीवरून त्या पडल्या होत्या त्याच फरशीवर आम्ही त्यांना वॉकर देऊन परत पाठविले. दोन महिन्यांच्या आत पडवीच्या पायरीवर वॉकर अडकला आणि त्या पुन्हा पडल्या. त्यानंतर त्या आपल्या पायांनी अंगणात आल्या नाहीत.

थोरला मुलगा हिशेब चुकता करण्यासाठी आमच्या टेबलाशी आला तेव्हा त्याने विचारले, "साहेब, कुणी आधी सांगितलं असतं, तर एक दांडी नसती का लावली आम्ही?" आम्हांजवळ उत्तर नव्हते. ज्या मुलांनी संपूर्ण घराची फरशी बदलली त्यांना एका दांडीचा खर्च जड नव्हता. पैसा होता, माया होती, कारागीर घरात आलेला होता. सांगणारा कोणी नव्हता.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच माणसांमागे एक साठीच्या पुढचा असेल. सुधागडसारख्या तालुक्यात, जेथून तरुण पिढी मुंबई, पनवेल, पुणे येथे जाते, तेथे हे चित्र पाहण्यासाठी २०५० ची वाट पाहावी लागत नाही. दुपारच्या वेळी कोणत्याही वाडीतून फेरी मारावी. ओट्यावर बसलेली माणसे कोणत्या वयाची आहेत ते आपोआप दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत साठीच्या पुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. मृत्यू टळला तरी नुकसान टळत नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या अनेक वृद्धांना पूर्वीसारखे चालणे पुन्हा साधत नाही. हाड मोडले नाही तरी पडण्याची धास्ती बसते. धास्तीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू दुर्बल होतात, आणि दुर्बल पाय पुन्हा घसरतो.

पडण्याची कारणे शरीरात असतात तशी घरातही असतात. मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेली पावले, उठताक्षणी उतरणारा रक्तदाब, झोपेच्या गोळ्या, रात्री वारंवार लघवीस उठणे, ही शरीराकडची कारणे डॉक्टरांनी पाहावयाची. ओली फरशी, अंधार, दांडी नसलेली पायरी, सरकणारे पायपुसणे, ही घराकडची कारणे आपण पाहावयाची. दोन्ही बाजू एकाच वेळी जुळल्या की अपघात होतो. वयाला थांबविणे आपल्या हाती नाही. पायपुसणे उचलणे आहे.

कोकणातील घर

शहरातील सदनिकेसाठी लिहिलेल्या सूचना आपल्या घरांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून जोते उंच, उतरते छप्पर खाली आलेले, आणि घरात शिरताना अंगण, पडवी, ओटी, माजघर अशी पातळी बदलत जाणारी. जोते उंच असल्याने पाणी घरात येत नाही; परंतु त्याच जोत्याच्या पायऱ्या सत्तरीच्या गुडघ्यांना अवघड होतात. जून ते सप्टेंबर अंगणातील दगड व चिरे शेवाळतात. न्हाणी व शौचालय पुष्कळ घरी अजूनही परसात आहेत, आणि तेथे जाण्याची वाट उघड्यावरून आहे.

जुन्या घराचे गुणही ध्यानात घ्यावेत. सारवलेली जमीन खरखरीत असते, पाय धरून ठेवते. जुन्या वाड्यांतून अरुंद लाकडी जिन्याला धरण्यासाठी वरून दोर सोडलेला असे. आजच्या भाषेत ज्याला आधारदांडी म्हणतात त्याचेच ते काम करीत होते. नव्या फरशीबरोबर घर स्वच्छ झाले, पण पायाची पकड गेली आणि हाताचा दोरही गेला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांची कौले व पत्रे नेले. त्यानंतर कितीतरी घरे दुरुस्त झाली, काही नव्याने उभी राहिली. छप्पर प्रथम, मग भिंती, मग फरशी, हा क्रम स्वाभाविकच होता. दुरुस्ती चालू असते तेव्हाच, म्हणजे कारागीर, सिमेंट व वाळू अंगणात असताना, ज्येष्ठांसाठीचे फेरफार जवळजवळ विनासायास होतात. तीच कामे नंतर स्वतंत्रपणे काढली की खर्च आणि आळस दोन्ही वाढतात.

पाहणी कशी करावी

घराची पाहणी खाटेपासून सुरू करावी आणि न्हाणी-शौचालयापाशी संपवावी. वृद्ध माणूस दिवसरात्र सर्वांत अधिक फेऱ्या याच वाटेने मारतो. ही वाट प्रथम सुरक्षित करावी. दर्शनी भाग मागाहून.

पाहणी रात्री करावी. घरातील दिवे मालवून, ज्येष्ठ व्यक्ती जशी उठते तसे खाटेवरून उठून शौचालयापर्यंत जावे. बटण किती पावलांवर आहे, हात कोठे टेकतो, पाय कशाला अडखळतो, हे मोजावे. पावसाळ्यात वीज गेलेली आहे असे धरून पुन्हा एकदा जावे. नंतर ज्येष्ठांना दिवसा त्याच वाटेने चालण्यास सांगावे आणि आपण मुकाट्याने त्यांच्या हातांकडे पाहावे. भिंतीवर जेथे हाताचे तेलकट डाग पडले आहेत, तेथेच त्यांना आधाराची गरज आहे. दांडी कोठे लावावी हे त्या डागांवरून कळते.

ज्या कामांना पैसे लागत नाहीत ती त्याच दिवशी करावीत. सुटी पायपुसणी आणि दुमडणाऱ्या सतरंज्या वाटेतून काढाव्यात. विजेच्या वायरी भिंतीलगत घ्याव्यात. रोज लागणारे डबे फळीवरून कमरेच्या उंचीवर आणावेत, म्हणजे स्टुलावर चढावे लागणार नाही. ओटीवरील झोपाळ्यावर बसताना-उठताना तो हलतो; त्यास अडकविण्यासाठी एक कडी ठेवावी. घरातील सपाता झिजल्या असतील तर टाकून द्याव्यात.

न्हाणी व शौचालय

सर्वांत धोक्याची जागा ही. साबण, तेल, पाणी आणि गुळगुळीत फरशी एकत्र येतात, आणि आत माणूस एकटा असतो.

नवी फरशी बसवावयाची असल्यास दुकानात ती ओली करून, अनवाणी पायाने घासून पाहावी. चकाकणारी फरशी न्हाणीत लावू नये. खडबडीत, पाय न घसरणारी निवडावी. जुनी फरशी बदलणे शक्य नसेल तर स्नानाच्या जागी खालून पकड धरणारी रबरी चटई अंथरावी आणि ती आठवड्यातून एकदा उचलून घासावी, कारण तिच्याखालीही शेवाळ धरते. पाणी मोरीकडे वाहून जाईल इतका उतार आहे ना, ते पाहावे.

स्नानासाठी प्लॅस्टिकचे हलके, सरकणारे स्टूल नको. रुंद पायांचे, रबरी टोपणांचे भक्कम आसन हवे. बंबातून कढत पाण्याची बादली उचलून न्हाणीत नेणे वृद्धांनी पूर्णपणे बंद करावे. यात पडणे आणि भाजणे दोन्ही एकदम होते. बंब न्हाणीला लागून घ्यावा, अथवा पाणी दुसऱ्याने ओतून द्यावे.

शौचालय भारतीय पद्धतीचे असेल आणि गुडघे साथ देत नसतील, तर लगेच तोडफोड करण्याची आवश्यकता नाही. त्यावर ठेवावयाची कमोड खुर्ची मिळते. कायमचे काम करावयाचे झाल्यास बैठकीची उंची सुमारे १८ इंच ठेवावी आणि उठताना हात पोहोचेल अशी दांडी भिंतीत बसवावी.

दार बाहेर उघडणारे असावे. आत उघडणाऱ्या दाराला लागून माणूस पडला तर त्याच्याच देहाने दार अडते आणि मदत आत जाऊ शकत नाही. आतील कडी अशी असावी की प्रसंगी बाहेरून उघडता येईल. एवढे न जमल्यास कडी न लावता दारावर पडदा किंवा खूण ठेवण्याची रीत घरात पाडावी.

पायऱ्या व उंबरठा

चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करावयाची तर १ फूट उंचीस १२ फूट लांबी, हे प्रमाण सरकारी मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहे. आपल्या घरांचे जोते अडीच फूट उंच असेल तर ३० फूट लांबीची उतरण लागेल. तेवढे अंगण प्रत्येकाकडे नसते, आणि घाईने बांधलेली उभी उतरण पावसात घसरगुंडी ठरते. ज्येष्ठ व्यक्ती चालती असेल तर उतरणीच्या नादी न लागता पायऱ्याच सुधाराव्यात. चढ सुमारे ६ इंच, पाय ठेवण्याची रुंदी १२ इंच, सर्व पायऱ्या सारख्या, कडेला ठळक पिवळा पट्टा आणि दोन्ही बाजूंस कठडा. एखादीच पायरी उंच-सखल असली की पाय तिथेच फसतो.

उंबरठा काढून टाका असे सल्ले छापून येतात. आम्ही तसे म्हणणार नाही. आपल्या भागात उंबरठा पाणी, विंचू आणि सरपटणारे जीव यांना बाहेर ठेवतो. शिवाय घरची माणसे रोज त्याची पूजा करतात. बाहेरच्या दाराचा उंबरठा राहू द्यावा. त्याच्या दोन्ही बाजूंस लाकडाची किंवा सिमेंटची हलकी उतरती पाचर द्यावी, कडेला रंगाचा पट्टा ओढावा आणि चौकटीवर उभी मूठ बसवावी. घरातल्या घरात, माजघर ते न्हाणी या वाटेवर, उंबरठे असतील तर ते मात्र काढून जमीन सपाट करावी.

उजेड व झोपण्याची जागा

खाटेची उंची अशी असावी की कडेला बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकतील. जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची सवय असेल व उठणे अजून जमत असेल, तर ती मोडण्याची घाई करू नये. जवळ धरावयास एक भक्कम वस्तू ठेवावी. खाली बसून उठणे हा गुडघ्यांचा व्यायामच आहे, असे आमचे डॉक्टर सांगतात.

दिव्याचे एक बटण हाताशी खाटेजवळ आणि दुसरे दाराशी असावे. याला वीजतंत्री टू-वे स्विच म्हणतात. रात्रभर जळणारा लहान दिवा शौचालयाच्या वाटेवर असावा. वीज जाते हे गृहीत धरून चार्जिंगचा दिवा व विजेरी ठरलेल्या जागी ठेवावी. उठल्यावर लगेच चालू लागू नये. कडेला बसून थोडा वेळ थांबावे. मोबाइल फोन उशाशी न ठेवता रात्री उठतानाही गळ्यातील पिशवीत असावा. जे एकटे राहतात त्यांनी एक किल्ली शेजारी द्यावी आणि सकाळी दार उघडले नाही तर शेजाऱ्यांनी हाक मारावी, असा नेम ठरवावा. पडून तासन्‌तास तसेच राहिल्याने होणारी हानी पडण्याइतकीच गंभीर असते.

गवंड्यास सांगावयाच्या गोष्टी

दांडी दोन ते अडीच हजार रुपयांची असो वा साध्या लोखंडी नळाची, ती बसते कशी यावर सर्व अवलंबून आहे. नळाची तोटी, टॉवेलची दांडी आणि वॉशबेसिन हे आधार नव्हेत. घसरता माणूस तेच धरतो आणि त्यांच्यासह खाली येतो. आपल्या भिंती पुष्कळदा चिऱ्याच्या असतात. चिरा मऊ व सच्छिद्र असल्याने त्यात नुसते प्लग ठोकून स्क्रू आवळल्यास ओढीसरशी निघून येतात. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागे पत्र्याची जाड पट्टी द्यावी, किंवा त्या जागचा चिरा कोरून काँक्रीट भरावे आणि दांडीचे पाय त्यात रोवावेत. भिंत कुडाची वा मातीची असेल तर तिच्यावर विसंबू नये; जमिनीत काँक्रीटमध्ये जीआय पाइपचा खांब रोवून वर तुळईला बांधावा.

कठड्याची उंची अडीच ते तीन फूट, नळाची जाडी सुमारे दीड इंच, भिंतीपासून अंतर दोन इंच, आणि शेवटच्या पायरीपुढे एक फूट वाढविलेली दांडी, ही मापे कागदावर लिहून द्यावीत. काम झाल्यावर घरातील सर्वांत वजनदार माणसाने दांडीस लोंबकळून पाहावे. काम शक्यतो दिवाळी ते चैत्र या कोरड्या महिन्यांत करावे. सणाच्या आदल्या आठवड्यात घाईने केलेल्या कामाला नीट पाणी मारले जात नाही, आणि पाहुण्यांच्या धांदलीत नव्या फरशीची सवय होण्यापूर्वीच वृद्धांना तिच्यावरून धावपळ करावी लागते.

ज्यांचे घर, त्यांना विचारावे

पुष्कळ घरांतून आम्ही ऐकले की दांडी बसविली पण आजोबा धरत नाहीत, कमोड आणला पण तो माळ्यावर पडून आहे. चौकशी करता असे दिसले की त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आपल्याच घरात आपण रुग्ण ठरविले गेलो, असे त्यांना वाटले. दांडी कोणत्या हाताला हवी, देवघरापुढे पाटाऐवजी चौरंग चालेल का, हे त्यांनी ठरवावे. जे त्यांच्या संमतीने होते ते वापरले जाते.

माणूस, त्याचे रोजचे काम आणि त्याची जागा यांचा मेळ घालणे, हाच ऑक्युपेशनल थेरपी या शास्त्राचा गाभा आहे. या शास्त्राचे भारतातील पहिले शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले आणि त्यामागे कमलाताई निंबकर यांचे परिश्रम होते. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी महाराष्ट्रात आणलेली विद्या इतक्या वर्षांनंतरही आपल्या गावांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही, ही खंत वाटते. शहरात उपचार घेणाऱ्या कुटुंबांनी घरी परतण्यापूर्वी अशा तज्ज्ञांची भेट अवश्य मागावी.

खर्च, लाभ आणि योजना

हिशेब लिहिणाऱ्यास प्रश्न पडतोच की, एवढे करून उपयोग होतो का. याचे उत्तर न्यूझीलंडमधील तारानाकी प्रांतातील एका अभ्यासाने दिले आहे. तेथे ८४२ कुटुंबांची दोन गटांत विभागणी करून एका गटाच्या घरी पायऱ्यांना कठडे, न्हाणीघरात आधारदांड्या, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडा ठळक करणे, निसरड्या जागी पकड देणारा थर, अशी साधी कामे करण्यात आली. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या घरांतून पडून होणाऱ्या इजा २६ टक्क्यांनी कमी झाल्या. या यादीतील एकही काम असे नाही जे पालीचा गवंडी करू शकणार नाही.

जपानने एप्रिल २००० पासून लागू केलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात पात्र वृद्धांच्या घरदुरुस्तीसाठी दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाची सोय केली. त्यात दांड्या बसविणे, जमिनीची पातळी सारखी करणे आणि बसक्या शौचालयाच्या जागी खुर्चीचे शौचालय करणे ही कामे येतात. सिंगापूरमध्येही २०१२ पासून सरकारी वसाहतींतील ज्येष्ठांच्या घरी अशी कामे अनुदानाने केली जातात.

आपल्याकडे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ चा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरजू ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र अशी साधने देण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशी साधने घेण्यासाठी एकरकमी ३,००० रुपयांची तरतूद असून कमोड खुर्ची व वॉकर यांचा त्या साधनांत समावेश आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील नागरिकांना आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. या सोयी स्वागतार्ह आहेत आणि कुटुंबांनी त्यांची चौकशी करावी. तथापि त्यांतील मोठी रक्कम पडल्यानंतरची आहे. भिंतीत रोवलेली दांडी या याद्यांत नाही. ती आपणच लावावयाची आहे.

घरच्या वहीतही असेच घडते. दांड्या, पाचर, दिवे आणि गवंड्याची मजुरी काही हजारांत आटोपते. खुब्याची शस्त्रक्रिया लाखाच्या घरात जाते, आणि वहीत न येणारा खर्च वेगळाच : मुलाची रजा, सुनेने सोडलेली नोकरी, पगारी माणूस, आणि पावसात अंबा नदीला पूर आला असता रुग्णाला घेऊन अडकून पडण्याची धास्ती.

संस्थेची जबाबदारी

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आम्ही प्रथम आमचेच घर तपासले. दिव्याखाली अंधार होता. बाह्यरुग्ण विभागातील शौचालयास दांडी नव्हती, दार आत उघडत होते, आणि पुसलेली फरशी वाळण्यापूर्वीच रांग तिच्यावरून जात होती. ते दुरुस्त केले. आता साठीपुढील प्रत्येक रुग्णास घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदासोबत घराविषयीचे एक पान असते : खाट किती उंच, शौचालय आत की बाहेर, वाटेत पायऱ्या किती, दांडी आहे काय, रात्री सोबत कोण. परिचारिका हे प्रश्न कुटुंबीयांसमोर विचारतात आणि उत्तरे लिहून घेतात. काही कुटुंबीय त्रासतात. बहुतेक जण थोडा वेळ विचारात पडतात आणि मग घरी फोन लावतात.

परंतु ज्यांच्याकडे त्या पानावरील कामांपुरतेही पैसे नाहीत, अशी घरे तालुक्यातील वाड्या-पाड्यांत पुष्कळ आहेत. यास्तव विश्वस्त मंडळापुढे आमचा नम्र प्रस्ताव आहे की, रुग्णालयाच्या निधीत 'ज्येष्ठ गृहदुरुस्ती साहाय्य' असे स्वतंत्र खाते उघडावे. खर्च फक्त आधारदांड्या, पायऱ्यांचे कठडे, कमोड खुर्ची, न घसरणारी फरशी आणि दिवे यांवर व्हावा. काम स्थानिक कारागिरांकडून व्हावे. आणि प्रत्येक कामाची पावती व झालेल्या कामाचा दाखला पुढील अहवालात यावा.

देणगीदारांस एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपण खाट दिली, खोली दिली, तर तेथे आपल्या वडीलधाऱ्यांच्या नावाची पाटी लागते आणि ती लागावी हे योग्यच आहे. परसातल्या न्हाणीतील दांडीवर पाटी लावता येत नाही. ती ज्या हाताला लागेल तो हात कोणाचा, हेही आपणांस कदाचित कळणार नाही. जो रुग्ण त्यामुळे आमच्याकडे आला नाही, त्याची नोंद आमच्या कोणत्याही रजिस्टरात होत नाही. तरीही या खात्यास आपण हातभार लावावा, अशी विनंती आहे.

आणि रुग्णांच्या कुटुंबीयांस विनंती एवढीच की, पुढच्या सुट्टीत गावी याल तेव्हा पहिल्या रात्री दिवे मालवून आईच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत एकदा चालून पाहावे. घराविषयीच्या त्या पानाच्या प्रती रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर विनामूल्य ठेवल्या आहेत. आपला रुग्ण आमच्याकडे दाखल नसला तरी प्रत घेऊन जावी.

आपला नम्र,
प्रशासक